सोर्बियन भाषा आणि ती बोलणारे लोक: सारखे येणारे प्रश्न

पूर्व जर्मनीत कॉटबस, ड्रेस्डेन, लाइपझिगकडे शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी मंडळींकडून मला तेच तेच मेसेज येतात, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवते. मी स्वतः कॉटबसला शिकायला आले आणि मग बाउत्झेनच्या मैत्रिणीमुळे या भाषेच्या प्रेमात पडले. सोर्बियन शब्द देवनागरीत लिहिलेत, उच्चार जवळपासचे समजा. एखादी गोष्ट दुसऱ्या प्रश्नात आली असेल तर तिकडे नंबर दिलाय.

१. कॉटबसला पाट्यांवर जर्मनच्या खाली आणखी एका भाषेत लिहिलेलं असतं. पोलंड जवळ आहे म्हणून पोलिश लिहितात का?

नाही, ती सोर्बियन, सोर्ब नावाच्या इथल्या छोट्या स्लाव समाजाची भाषा. पाहुण्यांच्या सोयीसाठी लिहिलेली भाषा नाहीये, इथली, या मातीतली भाषा आहे. कॉटबसचं नाव तिच्यात खोशेबूस, बाउत्झेन म्हणजे बुदिशिन, होयर्सवेर्डा म्हणजे वोयेरेत्सी. हा सगळा भाग म्हणजे लाउझित्स, सोर्बियनमध्ये वुझित्सा. नकाशावरचा वरचा अर्धा ब्रांडेनबुर्ग राज्यात आणि खालचा अर्धा सॅक्सनीत. स्लाव लोक (पोलिश, चेक वगैरे भाषा बोलणाऱ्यांच्या कुळातले) इथे साधारण सहाव्या शतकात आले, आणि एका जुन्या बखरीत ६३१ सालच्या घटनांमध्ये सोर्बांचा आणि त्यांच्या देर्वान नावाच्या सरदाराचा उल्लेख आहे. लाइपझिगचं नावसुद्धा मूळचं स्लाविक, लिपा नावाच्या झाडावरून पडलेलं, सोर्बियनमध्ये आजही लिप्स्क म्हणतात. म्हणजे आपण ज्याला एकदम जर्मन शहर समजतो त्याचं नावच या लोकांच्या भाषाकुळातलं आहे, हे मला कळलं तेव्हा मी दिवसभर तेच सगळ्यांना सांगत होते.

२. सोर्ब म्हणजे सर्बियाचेच लोक ना?

नाही. नाव सारखं आहे, ते स्वतःला सेर्ब्या म्हणतात, त्यामुळे गोंधळ होणारच. पण सर्बियन ही दक्षिण स्लाविक भाषा आणि सोर्बियन पश्चिम स्लाविक, म्हणजे पोलिश, चेक, स्लोवाक यांच्या घरातली. नावं दूर कुठेतरी एकाच मुळाची असतील असं बरेच जण मानतात, पण आज सर्बियाच्या माणसाला बाउत्झेनच्या बाजारात उभं केलं तर सुट्टे शब्द कळतील, गप्पा नाही कळणार.

३. काही लोक वेंड म्हणतात, काही सोर्ब. कुठला शब्द वापरायचा?

वेंड हा जर्मन लोकांनी शेजारच्या स्लावांना दिलेला जुना शब्द, आणि बराच काळ तो हिणवायला वापरला गेला. म्हणून सॅक्सनीत सोर्ब म्हणा. कॉटबसकडे मात्र बरीच मंडळी जर्मन बोलताना आपणहून वेंड म्हणतात, त्यांना तोच जवळचा वाटतो, म्हणून ब्रांडेनबुर्गच्या कायद्यात दोन्ही शब्द तिरकी रेघ देऊन लिहिलेत. समोरचा स्वतःला काय म्हणतो ते ऐका आणि तेच म्हणा. टेक्सासवाल्यांचं वेगळंच आहे, ते १६ मध्ये.

४. किती लोक बोलतात ही भाषा?

सगळीकडे छापलेला आकडा ६०,०००, साधारण ४०,००० सॅक्सनीत आणि २०,००० ब्रांडेनबुर्गमध्ये, पण हा आकडा सोर्ब लोकांचा, बोलणाऱ्यांचा नाही. रोज बोलणारे यापेक्षा खूपच कमी, अंदाज साधारण २०,००० च्या आसपास फिरतात आणि त्यातले बहुतेक सगळे बाउत्झेनकडचे. कॉटबसकडे अगदी थोडे हजार किंवा त्याहूनही कमी, आणि ज्यांची ती मायबोली आहे ते बहुतेक आजी-आजोबांच्या वयाचे. नेमकी मोजणी का नाही, तर जर्मनीत एखादा माणूस अल्पसंख्याक समाजाचा आहे की नाही हे त्याने स्वतः ठरवायचं, सरकारने तपासायचं नाही असा नियम आहे (नाझी काळानंतर असा नियम का झाला ते सांगायला नको). तुलनेसाठी सांगते, १८८० च्या दशकात आर्नोश्त मुका या अभ्यासकाने गावोगाव फिरून मोजलं तेव्हा १ लाख ६६ हजारांच्या आसपास माणसं सापडली होती.

५. अपर सोर्बियन आणि लोअर सोर्बियन हे काय प्रकरण आहे? एकच भाषा आहे की दोन?

दोन. दोघींचं लेखन वेगळं, व्याकरणाची पुस्तकं वेगळी, शाळा वेगळ्या, पेपर वेगळे. वरची म्हणजे अपर सोर्बियन डोंगराकडची, बाउत्झेनभोवतीची, आणि लोअर म्हणजे सखल भागातली, कॉटबसभोवतीची. नकाशावर अपर खाली आणि लोअर वर दिसते त्यामुळे सगळ्यांचं डोकं फिरतं, पण नाव नकाशावरून नाही, जमिनीच्या उंचीवरून पडलंय, आपल्याकडे घाटावर आणि कोकणात म्हणतो तसं.

अपर चेककडे झुकते, लोअर पोलिशकडे. डोंगराला एक होरा म्हणते, दुसरी गोरा. वेळेला एक चास, दुसरी त्सास. बोलणे या क्रियापदालासुद्धा दोघींचे शब्द वेगळे. माझी बाउत्झेनची मैत्रीण कॉटबसला आली की तिथल्या आजींशी सुरुवात सोर्बियनमध्ये करते, थोडं थोडं समजतं, मग दोघी हसतात आणि जर्मनवर येतात, आणि मला प्रत्येक वेळी त्या क्षणाचं वाईट वाटतं.

६. मराठी माणसाला उच्चार जमतील का?

जमतील, आणि काही बाबतीत जर्मन मित्रांपेक्षा लवकर जमतील, हे मी अनुभवाने सांगते.

आपल्या च चे दोन उच्चार आहेत ना, चार मधला आणि चांगला मधला? लिहिताना एकच अक्षर, पण बोलताना कुणी चांगला मधला च चार सारखा म्हटला की लगेच कान टवकारतात. सोर्बियनमध्ये हेच दोन आवाज आहेत, फक्त त्यांची अक्षरं वेगळी. वर दिलेलं चास आणि त्सास म्हणजे नेमका हाच फरक. तसाच जरा मधला ज आणि जेवण मधला ज, तेही दोन्ही आहेत. दुसरी मजा म्हणजे ख. पोलिश आणि चेकमध्ये ख घशातून घासत येतो, पण अपर सोर्बियनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला तो आपल्या खडू मधल्या ख सारखा, श्वास सोडून म्हटलेला क. ब्रेडला ख्लेप म्हणतात, मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा दुकानातल्या काकूंनी विचारलं की तुला कोणी शिकवलं, आणि मला कोणी शिकवलंच नव्हतं, तो आमच्या बाराखडीतला होता.

अवघड काय जातं, तर ल ला आडवी रेघ दिलेलं अक्षर, ते व सारखं म्हणायचं असतं, आणि काही ठिकाणी ह लिहितात पण म्हणत नाहीत. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर द्या, अर्धं काम तिथेच होतं.

७. द्विवचन अजून जिवंत आहे हे खरं का?

खरं, आणि मला या भाषेतलं सगळ्यात जास्त आवडलेलं हेच. शाळेत संस्कृतला रामः रामौ रामाः पाठ करताना आपण सगळे विचारायचो की दोनसाठी वेगळं रूप कशाला. प्राकृतात ते गळालं, मराठीत आलंच नाही. युरोपातही जवळजवळ सगळीकडे गेलं, स्लोव्हेनियनमध्ये राहिलं आणि सोर्बियनमध्ये राहिलं.

हात घ्या. एक रुका, दोन असतील तर रुत्से, तीन असतील तर रुकी. गाणे घ्या. मी गाते म्हणजे या स्पेवाम, आम्ही दोघं गातो म्हणजे मुय स्पेवामोय, आणि आम्ही तिघं किंवा जास्त असू तर मी स्पेवामी. हो, आम्ही ला ते जवळजवळ मी म्हणतात, पहिले दोन महिने यात माझा जाम घोळ झाला. बाउत्झेनकडच्या कॅथलिक गावांमध्ये लहान पोरंसुद्धा हे सहज वापरतात, पुस्तकी अजिबात नाही. नवराबायको, दोन बहिणी, गाडीत शेजारी बसलेले दोघं, यांच्यासाठी अख्खं वेगळं रूप आहे. तिसरा माणूस आला की क्रियापद बदलतं.

याशिवाय तीन लिंगं आहेत (आपल्याला सवय आहे, इंग्रजीवाल्यांना रडू येतं) आणि अपरमध्ये संबोधनासकट सात विभक्त्या.

८. थोडे शब्द सांग ना, पटकन वापरता येतील असे.

नमस्कार म्हणून दोब्री जेन्, शब्दशः चांगला दिवस, आणि जेन् हा आपल्या दिन चाच लांबचा भाऊ. या, स्वागत म्हणजे वितायच्ये. धन्यवाद जाकुयु सो. निरोप घेताना बोझेम्ये. हे सगळं अपरचं, कॉटबसकडे थोडं बदलतं.

आकडे: येदिन, द्वाय, त्सी, श्तिरी, प्येच, शेश्च, सिदोम, वोसोम, जेव्येच, जेसाच. द्वि आणि त्रि तर सरळ ऐकू येतात. आणि एकवीसला येदिनाद्वात्सेची, म्हणजे एक आधी वीस नंतर, आपल्यासारखंच. पाणी वोदा (उदक आठवा), मध म्येत, नवीन नोवी, मांस म्यासो. हे शब्द आपण त्यांच्याकडून घेतलेले नाहीत आणि त्यांनी आपल्याकडून नाहीत, दोन्ही भाषा इंडो-युरोपियन, इतकंच. कृपया यावरून सोर्ब मूळचे भारतातले वगैरे फॉरवर्ड फिरवू नका, दर महिन्याला एक येतो.

९. चारही बाजूंनी जर्मन, तरी हजार-दीड हजार वर्षं टिकली कशी?

एक उत्तर नाहीये, पण एक गोष्ट नकाशावर स्पष्ट दिसते. आज भाषा जिथे घराघरात आहे तो भाग म्हणजे बाउत्झेन, कामेन्त्स आणि होयर्सवेर्डा यांच्या मधली कॅथलिक गावं. ख्रुश्चित्सी, रालबित्सी, पान्चित्सी, न्येब्येल्चित्सी वगैरे. धर्मसुधारणेनंतर आजूबाजूचा मुलुख लुथरन म्हणजे प्रोटेस्टंट झाला, पण ही गावं सांक्ट मारियेनश्टेर्न या मठाच्या (स्थापना १२४८) आणि बाउत्झेनच्या कॅथलिक धर्मपीठाच्या ताब्यात होती म्हणून कॅथलिक राहिली. मग लग्नं आपापसात, शाळा चर्चच्या, पाद्री सोर्बियन बोलणारा, प्रार्थना सोर्बियनमध्ये. धर्माचं कुंपण भाषेच्या कामी आलं.

पण म्हणून लुथरन सोर्बांना कमी लेखू नका. संख्येने तेच जास्त होते आणि लिखित भाषा उभी करण्यात त्यांचा वाटा मोठा. बायबलच्या नव्या कराराचं लोअर सोर्बियन भाषांतर १५४८ मध्ये हस्तलिखितात झालं, आणि मिखाल फ्रेन्सेलने केलेलं अपरमधलं १७०६ मध्ये छापलं गेलं. त्याआधीचा, १५३२ चा बाउत्झेनच्या नागरिकांच्या शपथेचा मजकूर आहे, तो अपरमधला सगळ्यात जुना समजतात. १८४७ मध्ये माचित्सा सेर्बस्का ही विद्वानांची संस्था निघाली, १९१२ मध्ये होयर्सवेर्डात सगळ्या संघटनांची मिळून दोमोविना झाली, ती आजही मुख्य संघटना आहे. निळा-लाल-पांढरा झेंडा १८४८ चा. राष्ट्रगीत लिहिणारा हान्द्री झेय्लेर हा लुथरन पाद्री.

पण लुथरन गावांमध्ये जर्मनशी लग्न करायला धर्म आडवा येत नव्हता, आणि एक जर्मन सून किंवा जावई आला की जेवणाच्या टेबलाची भाषा बदलली. याबद्दल २० मध्ये पुन्हा लिहिलंय.

१०. नाझी काळात काय झालं? आणि पूर्व जर्मनीत?

१९३७ मध्ये दोमोविनावर बंदी आली, सोर्बियन पेपर आणि पुस्तकं बंद झाली, सोर्ब शिक्षक आणि पाद्री उचलून दूरच्या जर्मन भागात पाठवले. आलोइस आन्द्रित्स्की हा तरुण सोर्ब पाद्री १९४३ मध्ये डाखाउच्या छावणीत मारला गेला, २०११ मध्ये ड्रेस्डेनला चर्चने त्याला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

युद्धानंतर २३ मार्च १९४८ ला सॅक्सनीत सोर्बांच्या हक्कांचा पहिला कायदा झाला. पूर्व जर्मनीने शाळा, प्रकाशनसंस्था, नाटक, नाचगाण्याचा सरकारी संच, सगळ्याला पैसा दिला हे खरं आहे. त्याच सरकारने चर्चला दाबलं, दोमोविनाला सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाची शेपटी केलं, शेतं सामुदायिक केली, आणि गावांखालचा कोळसा काढला हेही खरं आहे. भरीला युद्धानंतर पूर्वेकडून हाकललेले हजारो जर्मन याच गावांमध्ये येऊन राहिले, त्यांचा दोष नव्हता, ते स्वतः सगळं गमावून आले होते, पण गावाची भाषा बदलली. १९६४ मध्ये शाळेतली सोर्बियन ऐच्छिक झाली आणि शिकणाऱ्यांची संख्या झपकन खाली आली.

११. कोळशाचा आणि भाषेचा काय संबंध?

खूप जवळचा. लाउझित्सच्या जमिनीखाली लिग्नाइट म्हणजे तपकिरी कोळसा आहे, आणि तो उघड्या खाणीतून काढतात, म्हणजे वरचं सगळं आधी हलवायचं. गाव, शेत, चर्च, स्मशान, झाडं, ओढा, सगळं. १९२० च्या दशकापासून १३० हून जास्त गावं पूर्ण किंवा अर्धी गेली. सगळीच सोर्बियन बोलणारी नव्हती, पण बरीच होती, खासकरून कॉटबस आणि होयर्सवेर्डाच्या मधल्या पट्ट्यात. धरणग्रस्तांच्या गोष्टी ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही. घर नवीन मिळतं, बरेचदा जुन्यापेक्षा चांगलंच, पण ज्या विहिरीवर, ज्या चर्चच्या पायरीवर ती भाषा बोलली जायची ती पायरी मिळत नाही. लोकांना फ्लॅटमध्ये विखरून बसवलं की शेजारी जर्मन, आणि एका पिढीत खेळ खलास.

होर्नो, सोर्बियनमध्ये रोगोव, हे गाव सगळ्यात गाजलं. लोक १९७० च्या दशकापासून लढत होते, बर्लिनची भिंत पडल्यावर वाटलं वाचलो, पण १९९७ मध्ये राज्याने गाव हलवायचा कायदाच केला आणि २००५ मध्ये शेवटचे रहिवासी बाहेर पडले. आणि हे सगळं ब्रांडेनबुर्गच्या संविधानात सोर्बांचा मुलुख जपायचं कलम असताना. त्यानंतरही थांबलं नाही, सॅक्सनीतलं म्युलरोझ म्हणजे मिवोरास हे गाव अगदी आत्ताआत्ता हललं. जर्मनीने कोळसा जास्तीत जास्त २०३८ पर्यंत बंद करायचं ठरवलंय, खाणींची तळी होतायत, पर्यटक तिथे पोहायला जातात. मी पण गेलेय. पाण्याखाली गाव होतं हे कळल्यापासून त्या एका तळ्यावर जात नाही.

१२. शाळेत सोर्बियनमधून शिकता येतं का?

येतं. बाउत्झेनला १९४७ पासून सोर्बियन गिम्नाझियम (विद्यापीठाची तयारी करून घेणारी माध्यमिक शाळा) आहे आणि कॉटबसला १९५२ पासून लोअर सोर्बियनचं. आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विताय, १९९८ मध्ये कॉटबसजवळच्या झिलोव गावातल्या बालवाडीपासून सुरू झालेली पद्धत, तिथे बाई मुलांशी फक्त सोर्बियनच बोलतात, मूल जर्मन घरातलं असलं तरी. कल्पना फ्रान्समधल्या ब्रेतॉन या छोट्या भाषेच्या शाळांवरून घेतली.

पण शाळा बंदही पडतात. २००१ मध्ये ख्रुश्चित्सीला पाचवीचा वर्ग भरू दिला नाही कारण २० मुलं हवी होती आणि होती १७. पालकांनी काही आठवडे मुलांना सरकारी परवानगीशिवाय शाळेत बसवलं, निवृत्त शिक्षक येऊन शिकवायचे, बाहेरच्या देशांतले पत्रकार आले, आणि शेवटी वर्ग मिळाला नाहीच. आज अडचण बहुतेक शिक्षकांची आहे, शिकवायला पुरेशी माणसं नाहीत.

१३. कायद्याने नेमकं काय मिळतं?

जर्मनीत चार मान्य राष्ट्रीय अल्पसंख्याक आहेत: डॅनिश, फ्रिझियन, सिंती-रोमा आणि सोर्ब. डॅनिशांच्या पाठीशी डेन्मार्क आहे, सोर्बांच्या पाठीशी कुठला देश नाही (१९१९ मध्ये आर्नोश्त बार्त हा सोर्ब नेता सोर्बांची बाजू मांडायला पॅरिसच्या शांतता परिषदेला जाऊन आला, परत आल्यावर देशद्रोहाखाली तुरुंगात गेला). आज सॅक्सनी आणि ब्रांडेनबुर्ग दोन्हींच्या संविधानात सोर्बांसाठी कलमं आहेत, वेगळे कायदे आहेत, पाट्या दोन भाषांत, सरकारी कार्यालयात सोर्बियनमध्ये अर्ज देता येतो, त्यांच्या जिल्ह्यांमध्ये कोर्टात सोर्बियन बोलता येतं, आणि १९९१ पासून केंद्र व दोन्ही राज्यांच्या पैशातून चालणारी एक फाउंडेशन आहे. सॅक्सनीचा मुख्यमंत्री २००८ ते २०१७ स्टानिस्लाव तिलिख हा सोर्ब होता. कागदावर चांगलं आहे. काउंटरवर बसलेल्या माणसाला सोर्बियन येत नसेल तर मात्र कागद काय करणार. आणि पाट्यांवरचं सोर्बियन नाव काळ्या रंगाने फासलेलं मी स्वतः पाहिलंय.

१४. ईस्टरला घोडेस्वार असतात ते बघायला जाऊ का? कुठे?

नक्की जा. ईस्टर संडेला कॅथलिक गावांतले पुरुष काळा कोट आणि उंच काळी टोपी घालून घोड्यावरून शेजारच्या गावात येशू उठल्याची बातमी सांगायला जातात, सोर्बियन भजनं गात. त्यांना क्शिझेर्यो म्हणतात. एकूण नऊ मिरवणुका, पंधराशेच्या आसपास स्वार, घोड्यांच्या लगामांना चांदी आणि शिंपले, शेपटीला भरतकाम केलेली रिबन. २५ वेळा गेलेल्याच्या कोटावर चांदीचा छोटा हार, ५० वेळा गेलेल्याच्या सोन्याचा. आपल्या वारीत कसं, बघणारा आणि चालणारा वेगळे, पण बघणाऱ्यानेही चप्पल काढावीशी वाटते, तसं वातावरण असतं. ही प्रार्थना आहे, परेड नाही, म्हणून घोड्यांच्या पायात शिरून सेल्फी काढू नका.

अंडी रंगवण्याचं त्याच दिवसातलं: हंसाचं पीस त्रिकोणी कापून वितळलेल्या मेणात बुडवून अंड्यावर ठिपके द्यायचे, मग रंगात घालायचं, परत मेण, परत रंग. हे शिकवायचे वर्ग असतात, जरूर करा. आणि २५ जानेवारीला प्ताची क्वास, पक्ष्यांचं लग्न, मुलं खिडकीत ताटली ठेवतात आणि सकाळी त्यात गोड खाऊ मिळतो, हिवाळ्यात दाणे घातल्याबद्दल पक्ष्यांनी दिलेला.

१५. शाकाहारी आहे, तिकडे काय खाऊ?

लग्नाच्या जेवणात गोमांस आणि मुळ्यासारख्या तिखट कंदाचा सॉस असतो, ते सोडा. तुमच्यासाठी उकडलेले बटाटे, क्वार्क म्हणजे चक्क्याच्या जवळचा प्रकार, वर कांदा आणि कच्चं जवसाचं तेल. हो, आपलं जवस. घरी जवसाची चटणी खाल्लेल्याला पहिल्या घासात ओळख पटते. कॉटबसजवळच्या श्प्रेवाल्डची लोणच्याची काकडी पण घ्या.

१६. टेक्सासमध्ये सोर्ब आहेत असं वाचलं, खरं का?

खरं. १८५४ मध्ये पाद्री यान किलियानबरोबर पाचशेहून जास्त लुथरन सोर्ब बेन नेविस नावाच्या जहाजाने निघाले, वाटेत कॉलऱ्याने बरेच गेले, उरलेल्यांनी टेक्सासमध्ये सेर्बिन वसवलं. गरिबी होती आणि प्रशियन राजाने चर्चमध्ये केलेली ढवळाढवळ पण होती. तिथे त्यांना वेंडच म्हणतात. भाषा गेली, चर्च आणि म्युझियम आहे.

१७. एकाच माणसाची दोन नावं कशी? आणि बायकांची आडनावं?

घरात, चर्चमध्ये एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं, हे बऱ्याच सोर्बांचं आहे. घरी यान, कागदावर योहान. आडनावाचं तर आणखी गमतीदार: पुरुष नोवाक, त्याची बायको नोवाकोवा, त्याची मुलगी (लग्नाआधी) नोवाकेत्स. जर्मन नोंदणीत हे चालायचं नाही, सगळे एकच आडनाव. १ मे २०२५ पासून जर्मन नावांचा कायदा बदलला आणि सोर्ब बायकांना हे रूप अधिकृतपणे घेता येतं.

१८. श्लायफेकडची बोली अपर की लोअर?

दोन्ही नाही. श्लायफे (स्लेपो) हा मधला पट्टा, तिथली बोली काही गोष्टीत लोअर आणि काही गोष्टीत अपरसारखी, आणि पोशाखही स्वतःचा. शाळेत मात्र तिथे अपर शिकवतात, त्यामुळे आजीचं आणि नातवाचं सोर्बियन जुळत नाही अशी तक्रार ऐकू येते. आणखी एक अपवाद विटिखेनाउ, तिथली घोडेस्वारांची मिरवणूक मोठी आणि जुनी, पण गाव आता बहुतांश जर्मन बोलतं. त्यामुळे ९ मधलं कॅथलिक म्हणजे सोर्बियन हे समीकरण सगळीकडे लावू नका.

१९. शिकायची असेल तर? आणि शिकले तर मी सोर्ब होते का?

पदवी हवी तर लाइपझिग विद्यापीठात सोर्बियन अभ्यासाचा विभाग आहे. बाउत्झेनची सोर्बियन इन्स्टिट्यूट उन्हाळी कोर्स घेते. मोबाइलवर अपरसाठी सोब्लेक्स डिक्शनरी, भाषांतराला सोत्रा. वाचायला रोजचा पेपर सेर्बस्के नोविनी (अपर), आठवड्याचा नोवी त्सास्निक (लोअर). रेडिओ ऐका, दोन्ही भाषांत आहे आणि बोलतात स्पष्ट.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आश्चर्य वाटेल असं आहे, कायद्याप्रमाणे जो स्वतःला सोर्ब मानतो तो सोर्ब, रक्त किंवा परीक्षा नाही. भाषा येत नाही तरी सोर्ब असलेले खूप आहेत. पण मी स्वतःला म्हणत नाही. मी शिकणारी आहे, तेवढं पुरेसं आहे, आणि कोणी विचारलं तर मराठी आहे.

२०. मी गेले तर ते आपसात पण जर्मन बोलायला लागले. मला ऐकायची होती! असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचंच उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. सहा सोर्ब बसलेत, सातवा जर्मन आला, की सहाही जण जर्मनवर जातात, पिढ्यानपिढ्यांची सवय आहे. समोरच्याला कळलं पाहिजे, त्याला परकं वाटू नये, हा चांगुलपणा आहे. त्याच्या तळाशी जुनी भीतीपण आहे, कारण बसमध्ये, कामावर, जर्मन बोला असं ऐकून घेतलेले लोक अजून जिवंत आहेत. मुंबईत ऑफिसात चार मराठी लोक पाचव्यासाठी हिंदीवर जातात आणि तो पाचवा निघून गेल्यावरही हिंदीतच बोलत राहतात, ते तुम्ही पाहिलंय, मीही तेच करायचे.

काय करायचं ते सांगते, मी केलंय आणि चालतं. आत शिरल्या शिरल्या दोब्री जेन् म्हणा. मग जर्मनमध्ये सांगा की तुम्ही सोर्बियनच बोला, मला ऐकायचंय, कळलं नाही तर विचारीन. पहिल्यांदा विश्वास बसत नाही, दोन वाक्यं सोर्बियन आणि तिसरं जर्मन होतं, माझ्याकडे बघून. मान हलवा, थांबवू नका. माझ्या मैत्रिणीच्या आईला चार भेटी लागल्या. पाचव्या वेळी त्या मला चहा देताना काहीतरी बोलल्या, नेहमीसारखं जर्मनमध्ये बदललं नाही, आणि मला त्यातलं फक्त वोदा आणि क्रियापदाचं शेवटचं ओय कळलं, म्हणजे आपण दोघी काहीतरी करणार होतो.